दीड हाती तलवार, परवडेल अशी

ज्याला तलवारी जमवण्याचा नाद असतो त्याच्याकडे तलवारी थोड्या आणि किस्से ढीगभर असतात. कारण सरळ आहे. किश्शाला भिंत लागत नाही, तेल लागत नाही, पावसाळ्यात तो गंजत नाही, आणि घरी घेऊन गेलं तर बायको दारातच "हा केवढ्याला पडला?" असं विचारत नाही. माझ्याकडे तर बारा वर्षांत एकही तलवार नव्हती. म्हणजे किस्से किती असतील, तुम्हीच अंदाज करा!

आमचं मंडळ चौघांचं. त्यातले धुळ्याचे नाना म्हणजे ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. खरा संग्रह त्यांचा. पुढच्या खोलीत चारही भिंतींवर तलवारी, कट्यारी, एक पट्टा, एक गुप्ती, भाल्यांची पाती. दुसरा नरडाण्याचा बापू. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि जगातली कुठलीही अडचण वेल्डिंगने सुटते अशी त्याची श्रद्धा आहे. तिसरे जळगावचे किशोर सर. कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि चहाचा कप हातात आला की पिण्याआधी त्याचं वजन सांगतात. चौथा मी, वसंता. मुक्काम जळगाव, धंदा पाण्याच्या मोटारी विकण्याचा. महिन्यातून एक रविवार नानांकडे जमायचं, हत्यारांना तेल लावायचं आणि नानींच्या हातचे पोहे खायचे. यातलं शेवटचं काम मी कधी चुकवलं नाही.

नानांच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराखाली त्यांनी स्वतः ब्रशने रंगवलेली पाटी आहे. 'कट्यार. भेट: बापू, नरडाणा.' 'गुप्ती. भेट: किशोर सर, जळगाव.' माझ्या नावाची पाटी नव्हती. मंडळाला मी बारा वर्षं फक्त सल्ला दिला, आणि सल्ला खिळ्याला टांगता येत नाही.

मागच्या मार्चमध्ये नाना म्हणाले, "जानेवारीत माझ्या जुन्या शाळेचं संमेलन आहे. हॉल देतायत. सगळा संग्रह मांडायचा म्हणतो. माझं वय बघता हे एकदाच व्हायचं. फक्त एक कमी आहे. आपल्याकडे सगळं देशी. शेजारी एखादी युरोपीय धाटणीची दीड हाती तलवार पाहिजे. म्हणजे फरक दिसतो."

"दीड हाती?" मी पोहे खाता खाता विचारलं.

"सरळ पातं, लांब मूठ. एक हात पूर्ण बसतो, दुसरा अर्धामुर्धा. गरज पडली तर दोन्ही हातांनी, नाही तर एकाने."

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण पोह्यांत शेव जास्त पडली होती, मूड चांगला होता. मी म्हणालो, "नाना, ती माझ्याकडून!"

बापूला ठसका लागला. किशोर सरांनी त्याला पाणी दिलं. नानांनी मात्र तिथल्या तिथे रंगाचा डबा काढला आणि पाटी रंगवली: 'दीड हाती तलवार, युरोपीय धाटणी. भेट: वसंतराव, जळगाव.' बारा वर्षांत पहिल्यांदा मी वसंतराव झालो! मग त्यांनी पाटीच्या वर दोन खिळे ठोकले. रिकामे. पुढचे दहा महिने मी पोहे खायचो तेव्हा ते दोन खिळे माझ्या ताटात बघायचे.

घरी आल्यावर बायकोला, मंदाला, सगळं सांगितलं. दीड हाती म्हणजे काय तेही समजावलं. ती म्हणाली, "घरात चांगले दोन हात असून स्वतःचा कप उचलून ठेवत नाही तुम्ही. दीड हाताचं काय करणार?"

आणि बजेटही तिनेच ठरवून दिलं: "नव्या कूलरपेक्षा महाग आणायची नाही."

*

पहिली तलवार मी मे महिन्यात ऑनलाइन मागवली. फोटोत एक दाढीवाला माणूस ती घेऊन डोंगरावर उभा होता. किंमत इतकी कमी की मला वाटलं, चुकून एखादा आकडा गळला असेल, त्यांच्या लक्षात यायच्या आत घेऊन टाकू.

तलवार आली. चकाकणारी, मुठीवर लाल खडा. मी दुपारी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. बाहेर जळगावचं ऊन, आत कूलर फुल स्पीडवर. मंदाला म्हणालो, "बघ हं!" आणि व्हिडिओत पाहिला होता तसा एक आडवा वार हवेत मारला.

वार झाला. माझ्या हातात मूठ होती. फक्त मूठ!

पातं कुठे गेलं ते आधी कळेना. मग कूलरचा आवाज बदलला. पातं जाळीतून थेट वाळ्याच्या ताटीत शिरलं होतं आणि अर्धं बाहेर राहून पंख्याबरोबर थरथरत होतं.

मंदा उठली, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. या बाजूने हवा कमीच येत होती."

संध्याकाळी किशोर सर आले. त्यांनी मूठ फोडून दाखवली. पात्याचं आतलं शेपूट करंगळीएवढं, आणि तेही वेल्डिंगचा एक थेंब लावून चिकटवलेलं. "वसंतभाऊ, पातं मुठीच्या शेवटापर्यंत आतून अखंड गेलं पाहिजे. स्टेनलेसची ही लांब पाती शोभेची असतात. घ्यायची तर स्प्रिंगच्या पोलादाची."

"हे आधी का नाही सांगितलं सर?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही आम्हाला मूठ कशी धरायची ते सांगत होतात."

*

कूलर प्रकरणानंतर मंदाने हट्ट धरला की पुढची घेण्याआधी पोलीस स्टेशनला विचारून यायचं. "शेजारचे काका बघत होते खिडकीतून. उद्या कोणी तक्रार केली तर?"

गेलो. साहेबांपुढे अदबीने बसलो आणि म्हणालो, "साहेब, एक तलवार घ्यायची आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोणाशी भांडण आहे?"

"कोणाशीच नाही."

"जमिनीचा वाद? भाऊबंद?"

"नाही हो. संग्रहाला हवी आहे. दीड हाती."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी उंची पाच फूट तीन इंच, पोट वेगळं. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू उतरत गेला आणि तिथे दया आली. एखाद्याला इतकं निरुपद्रवी ठरवलं जाणं बरं नाही वाटत! म्हणाले, "धार लावू नका. खरेदीचा कागद जपून ठेवा. रस्त्यात उगाच फिरवू नका."

मी आभार मानून निघालो. दारातल्या हवालदाराने हाक मारली, "काका!"

"हो?"

"पायावर पडू देऊ नका."

*

ऑगस्टमध्ये धुळ्यात एक गृहस्थ भेटले. जुन्या वस्तू विकायचे. म्हणाले, "अशी तलवार दाखवतो की बाकीच्या विसराल." दाखवली. काळी, जाड, मूठ लांबलचक. "राजवाड्यातली आहे. पण तुमच्यासाठी परवडेल अशी लावतो."

कुठल्या राजवाड्यातली ते त्यांना आठवत नव्हतं. मी दोन्ही हातांनी उचलली. कमरेपर्यंत आली, त्यापुढे येईना. गृहस्थ म्हणाले, "पूर्वीची माणसं तगडी होती."

किशोर सरांनी बजावून ठेवलं होतं की चांगली दीड हाती तलवार सव्वा ते दीड किलोच्या आसपास असते. त्याहून फार जड असेल तर ती तलवार नाही, पहार आहे. पण वजन करणार कुठे? समोरच भाजीबाजार होता. मी तलवार पोत्यात गुंडाळली आणि वांगी विकणाऱ्या एका मावशींकडे गेलो. "मावशी, एवढं जरा मोजून द्या."

त्यांनी ताजव्यातली वांगी काढली, तलवार ठेवली, एक एक वजन टाकत गेल्या. आजूबाजूचे चार दुकानदार उठून आले. शेवटी मावशी म्हणाल्या, "साडेतीन किलो शे भाऊ! इतलामा बठ्ठा गल्लीनं भरीत व्हई जाई!"

मला काही अख्ख्या गल्लीचं भरीत करायचं नव्हतं. तलवार परत केली. वांगी घेऊन घरी आलो. मंदा म्हणाली, "ही खरेदी पहिल्यांदा बरोबर झाली."

*

बापूला हे सगळं ऐकून राग आला. "भाऊ, मी असताना तुम्ही बाजारात फिरता? ट्रकच्या कमानीचा पाटा देतो ठोकून. त्याच्यापेक्षा चांगलं पोलाद नाही. मला लांबी द्या, रुंदी द्या, आणि दिवाळीपर्यंत तोंड दाखवू नका."

खरंच, ट्रकची कमान म्हणजे अस्सल स्प्रिंगचं पोलाद. किशोर सरांनीही मान डोलावली. नानांनी कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून दिलं. मी तर इतका खूश झालो की तलवार आणायला चार इंची पीव्हीसी पाईप कापून घेतला. जळगाव पाईपांच्या कारखान्यांचं गाव, तिथल्या माणसाला काहीही लांब न्यायचं असलं की पाईप आठवतो.

दिवाळीनंतर आम्ही तिघं नरडाण्याला गेलो. बापूने पातं घासून आरशासारखं केलं होतं. फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ. आता फक्त तापवून तेलात बुडवायचं राहिलं होतं. कडक होण्यासाठी ते लागतंच. भट्टी पेटली, पातं लालबुंद झालं, बापूने चिमट्याने उचललं आणि तेलाच्या ड्रममध्ये सोडलं. मोठा चर्र आवाज, धूर. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बापूने पातं बाहेर काढलं. आम्ही टाळ्या थांबवल्या.

पातं वाकलं होतं. थोडंथोडकं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुंदर, एकसारखा बाक. नाना चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बापू, तलवार झकास आहे. पण ही आपल्याकडे चार आहेत."

बापू जराही खचला नाही. "भाऊ, लोखंडालाही सवय असते. बारा वर्षं ट्रकखाली वाकून काढलेली. एका दिवसात सरळ कशी होईल?"

आणि ती माझ्या पाईपातही गेली नाही. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "पाईप रिकामा आणि तलवार बाहेर?" मी म्हणालो, "हवा लागू देतो तिला." त्याने लगेच डबल बेल मारली.

*

शेवटी किशोर सरांनी सूत्रं हातात घेतली. उत्तरेकडच्या एका कारखान्याचा पत्ता काढला. स्प्रिंगचं पोलाद, अखंड पातं, धार नाही, वजन बेताचं, आणि मंदाच्या कूलरच्या आत बसणारी किंमत. पण त्यात दोन मापं होती. एक लांब पात्याची, एक जरा आखूड. मी अर्थातच लांब म्हणालो.

"तुमची उंची?" सरांनी विचारलं.

"उंचीचा काय संबंध? मनाने घ्यायची असते ती!"

सरांनी बापूकडून साध्या लोखंडी पट्टीच्या दोन डमी करून घेतल्या. एक लांब, एक आखूड, वजन आणि तोल हुबेहूब. या वेळी तापवणं नाही, काही नाही, नुसतं कापून घासलेलं. आणि चाचणी ठरली रावेरकडे, सरांच्या मेहुण्यांच्या केळीच्या बागेत. जिचा घड उतरवला आहे ती केळ नाही तरी तोडायचीच असते. तिचा खांब पाणीदार, मऊ. धार नसलेली पट्टीसुद्धा जोर लावला की पार होते.

मेहुणे मोठे सज्जन. स्वतः येऊन दाखवलं, "भाऊ, या ओळीतली कापा. हिचे घड गेले. मागच्या ओळीला हात लावू नका. तिचे घड या आठवड्यात उतरणार आहेत."

मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. फोटो काढायचे होते ना! लांब डमी घेतली, पाय रोवले, "बापू, काढ रे!" म्हणालो आणि पूर्ण ताकदीने हात मागे नेला.

मागे काहीतरी मऊ लागलं.

नंतर बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या पाठीमागे सावकाश, अगदी सभ्यपणे, एक केळ आपल्या घडासकट आडवी झाली. खाली बघितलं तर चिकाची धार माझ्या शर्टावर. केळीचा चीक ज्याने अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको. तो काळा डाग शर्ट फाटतो पण जात नाही. समोरची, म्हणजे कापायची होती ती केळ, तशीच उभी. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुण्यांनी आडव्या घडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर," ते किशोर सरांना म्हणाले, "तलवार आखूडच घ्या. आणि जमलं तर माणूसही दुसरा घ्या."

तो घड आम्ही चौघांनी वाटून घेतला. पंधरा दिवस घरी केळ्याची भाजी, केळ्याचे वेफर, केळ्याची कोशिंबीर. मंदा पानात वाढताना दर वेळी म्हणायची, "घ्या, तुमचा पराक्रम."

*

ऑर्डर फोनवर दिली. कारखान्यातला माणूस फारच मायाळू होता.

"सर, पात्यावर ड्रॅगन टाकून देतो. फ्री आहे."

म्हणजे बोलत होता हिंदीत, पण मायेला भाषा नसते. मी म्हणालो, "ड्रॅगन नको."

"मुठीवर टाकू?"

"कुठेच नको. साधी पाहिजे. एकदम साधी."

"सर, सगळे घेतात. पैसे नाहीत त्याचे."

"भाऊ, नको."

पलीकडून मग अत्यंत काळजीच्या स्वरात, "सर, दोन्ही बाजूंना टाकून देऊ का?"

*

तलवार यायला उशीर झाला. ती जळगावच्या कुरिअर ऑफिसात पोचली तो दिवस असा: दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला धुळ्यात नानांचं प्रदर्शन उघडणार, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बारा बत्तीसच्या मुहूर्तावर, धुळ्यातच, माझ्या भाच्याचं, पंकजचं लग्न. आणि तलवार आली त्याच दिवशी शिंदखेड्याला त्याची हळद. मी सख्खा मामा. मामा नसला तर नवरदेवाच्या पाठीशी उभं कोण राहणार? पण मला त्यात अडचण दिसत नव्हती. हळदीला शिंदखेड्याला जायचं, सकाळी लवकर निघून धुळ्याला तलवार खिळ्यांवर लटकवायची, वसंतराव व्हायचं, आणि तिथून मंडपात.

पार्सल घेऊनच शिंदखेडा गाठलं. काय तलवार होती! सरळ, साधी, ड्रॅगन एकाही बाजूला नाही. मुठीपुढे चार बोटांवर ठेवली की तराजूसारखी तोलून राहायची. आता अशी वस्तू पार्सलात बांधून ठेवणारा माणूस मी नाही. हळदीच्या मांडवात उघडली. "बघा, हात लावून बघा! शेपूट शेवटपर्यंत गेलंय!" असं मी आचाऱ्यालासुद्धा सांगून आलो.

इतक्यात आत गलका झाला. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचलेली. पंकजकडच्या भावकीत अशी वडिलोपार्जित कट्यार एकच. आणि तिथी दाट, दोन लग्नं एकाच दिवशी. कट्यार साक्रीकडच्या लग्नाला गेली होती. साक्रीवाले समजत होते दुसरी इथे आहे, इथले समजत होते दुसरी तिथे आहे. नवरदेवाला हळद तर लागून चुकलेली!

नवरदेवाच्या मोठ्या आत्या, अक्का, मांडवात सगळ्यांवर तापल्या होत्या. एवढ्यात त्यांना माझ्या हातात काहीतरी चमकताना दिसलं.

"हाई काय शे?"

"तलवार आहे अक्का. दीड हाती!"

"हत्यार शे ना? मंग दे त्याना हातमा!"

मला वाटलं फोटोपुरती. मीच मोठ्या रुबाबात पंकजच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी टोकाला लिंबू खोचलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "आते लगीन लागस तवलोंग हाई त्याना हातमातून सुटाले नको!"

लग्न लागेपर्यंत हातातून सुटायची नाही, म्हणजे उद्या दुपारी बारा बत्तीसपर्यंत! माझे हात गार पडले. दीड नव्हे, दोन्ही.

सकाळी अक्कांच्या पायाशी बसलो. "अक्का, दोन तासांपुरती द्या. साधी सुरी देतो पंकजला." अक्का म्हणाल्या, हळदीचं हत्यार बदललं असं त्यांच्या माहितीत कोणी नाही, आणि ते तुझ्या भाच्यापासून सुरू करायचं असेल तर तसं सांग. अक्का स्वतः पंकजच्या शेजारी गाडीत बसल्या. साडेतीन फुटांची तलवार गाडीत मावेना, तेव्हा ड्रायव्हरने सनरूफ उघडलं. शिंदखेडा ते धुळे हायवेवर लोकांनी बघितलं, गाडीच्या छपरातून एक लिंबू चाललंय!

धुळ्यात शिरलो तेव्हा दहा वीस झाले होते. नानांचा फोन आला. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "वसंता, हॉलमध्ये पाटी लावलीय. इथलेही खिळे रिकामे आहेत."

वसंतराव नाही, वसंता.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "शाळेत घे. पाच मिनिटं."

"हातमातून सुटाव नही!" अक्का.

"नाही सुटणार अक्का. पंकजसकट नेतो."

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो: पुढे मी, मागे मुंडावळ्या बांधलेला, अंगाला हळद, हातात नंगी तलवार आणि टोकाला लिंबू असा पंकज, त्याच्यामागे अक्का. बापूच्या हातातली कात्री पडली. नानांनी पंकजला लिंबापासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं. एक स्टूल सरकवलं, त्यावर त्याला उभं केलं, दोन पावलं मागे जाऊन डोळा बारीक केला आणि म्हणाले, "उंची बरोबर येतेय." मग पाटी काढून त्याच्या पायाशी लावली.

फीत कापली गेली. लोक आत आले. आणि खरं सांगतो, त्या हॉलमध्ये पट्टा होता, कट्यारी होत्या, पण गर्दी आमच्याच स्टुलापुढे! नाना छडीने दाखवत होते, "ही लांब मूठ. इथे एक हात पूर्ण. पंकज, दुसरा हात ठेव. हं, हा बघा, अर्धा. म्हणून दीड हाती." पंकज बिचारा इमानाने हात ठेवत होता, काढत होता.

"मामा, मी जरा बसू का?" त्याने हळूच विचारलं.

बापू म्हणाला, "प्रदर्शनातली वस्तू बसत नाही."

फेटेवाल्या एका म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ निरखून विचारलं, "गुरुजी, तलवार समजली. पण हा नवरदेव कुठल्या राजाच्या काळातला?"

नानांनी ब्रश आणला आणि पाटीवर माझ्या नावाखाली एक ओळ वाढवली: 'नवरदेव: तात्पुरता. हात लावू नये.'

ती ओळ वाचायला आणखी गर्दी झाली. पाच मिनिटांचा सव्वा तास झाला. माझा फोन खिशात सतत थरथरत होता आणि मी तो उचलत नव्हतो, कारण माझ्या नावाची पाटी लोक मोठ्याने वाचत होते! अक्कासुद्धा आता खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कोणी फार जवळ आलं की दटावत होत्या.

पावणेबाराला दारात मुलीचे वडील दिसले. निवृत्त पोस्टमास्तर. डोक्याला गुलाबी फेटा, घामाने चेहरा निथळत होता. स्कूटरवर अख्खं धुळं पालथं घालून आले होते. ते थेट पुढे घुसू लागले, तर दारावरच्या बाईंनी अडवलं, "काका, रांगेतून या. सगळ्यांना बघायचंय."

"अहो बाई, तो माझा—"

"सगळे असंच म्हणतात. रांगेतून."

ते रांगेतून आले. पट्टा बघितला, गुप्ती बघितली, बापूची वाकडी तलवार बघितली. स्टुलापाशी पोचले. वर पंकज, बाजूला अक्का, खाली पाटी. त्यांनी चष्मा लावून पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी एका ढालीच्या मागे उभा होतो, पण ढाल लहान होती.

पोस्टमास्तर शांतपणे दाराजवळच्या टेबलापाशी गेले, अभिप्रायाची वही उघडली, खिशातलं पेन काढून दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, वेळ टाकली. मग परत येऊन पंकजचं कोपर धरलं आणि त्याला स्टुलावरून उतरवलं. लिंबू, तलवार, अक्का, सगळं त्यांच्यामागून निघालं.

ती वही नानांकडे आहे. कोणीही गेलं की ते आधी ती उघडून दाखवतात. पोस्टमास्तरांचं अक्षर मोठं सुबक:

'संग्रह पाहिला. उत्तम आहे. एक तलवार व एक जावई घेऊन जात आहे.'